बाबांची भूक: तपासलेली ठिकाणे बारा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (उजव्या हाताचा अंगठा अजूनही पट्टीत आहे, तेव्हा नमस्कार तेवढ्याने कमी धरावा. कारण पुढे येईलच.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमच्या डाव्या कानाला ऐकू येतं ना? उजव्याची चौकशी करत नाही, तो तुम्ही ओतकामाच्या कारखान्यालाच देऊन आलात. मी ठीक आहे. प्रयोगशाळेतलं काम तेच: लोकांचे तापमापक खरं बोलतात की नाही ते तपासायचं, खरं बोलत असतील तर त्यांच्यावर हिरवी चिठ्ठी चिकटवायची, नसतील तर किती अंशांनी खोटं बोलतात ते लिहून द्यायचं. काम शांत आहे. तापमापक उलट उत्तर देत नाहीत.

तुमचं आणि बाबांचं दोन वर्षं बोलणं बंद आहे, हे मला माहीत आहे. त्या भांडणात मी कुणाच्याच बाजूची नव्हते आणि आजही नाही. तरी हे पत्र बाबांविषयीच आहे. तेव्हा त्यांचं नाव दिसल्याबरोबर ते टेबलावर आपटू नये, निदान पुढचं पान उलटेपर्यंत तरी. नंतर आपटायला हरकत नाही.

वस्तुस्थिती अशी की बाबा जेवत नाहीत. आठ महिन्यांपूर्वी ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांचं वजन अडुसष्ट किलो दोनशे ग्रॅम होतं. आज एकसष्ट किलो चारशे आहे. (काटा माझा आहे आणि मी तो दर महिन्याला तपासते, म्हणजे दोष काट्याचा नाही.) सकाळी अर्धी पोळी, दुपारी चार चमचे भात, रात्री ताटाकडे बघून "भूक नाही". सुरुवातीला मला वाटलं, माझा स्वयंपाक. मी मीठ मोजून घालते, आई अंदाजाने घालायची, आणि आईचा अंदाज माझ्या मोजमापापेक्षा बरोबर असायचा हे मी मान्य करते. म्हणून शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून डबा लावला. तोही तसाच परत. मग डॉक्टर. डॉक्टरांनी रक्त, पोट, दात, सगळं तपासलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. यांना आवडीचं खायला घाला. पण लवकर. या वयात आणखी पाच किलो गेले तर मग मला खरोखरच काहीतरी सापडेल." त्या रात्री मी बाबांना विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाले, काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर, बहुधा मी गप्प बसावं म्हणून, ते म्हणाले, "निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्या." आणि लगेच, "पण तुझ्या या शहरात कुठे मिळणार? इथे सगळं गॅसवर."

पहिल्या वाक्याने मला बरं वाटलं. दुसरं मी एक दावा म्हणून घेतलं. दावा असला की तो तपासता येतो.

ऑफिसात विचारल्यावर सगळ्यांनी एकाच हॉटेलचं नाव सांगितलं. भिंतीवर आगीचं चित्र, टेबलाला मध्ये खाच, खाचेत जाळी, आणि पोरसवदा वेटर प्रत्येक पदार्थ आणताना आपल्या आजीने तो कसा शिकवला ते सांगत होता. (सतरा पदार्थ. आजीला दुसरं काही काम नसावं.) बाबांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. चाळीस वर्षं बॉयलरसमोर काढलेला माणूस, जाळ कुठून येतो ते बघितल्याशिवाय बसत नाही. वर येऊन म्हणाले, "निळा जाळ आहे. यावर चहा होतो." दोन तुकडे खाल्ले आणि हात पुसले.

मग मी पद्धत बदलली. माझा तर्क साधा होता. जो माणूस दिवसभर घण चालवतो तो दुपारी साडेबाराला जेवतो, चालत जाता येईल तिथे जेवतो, आणि अन्न वाईट असेल तर ते तोंडावर सांगतो. म्हणजे चांगलं खाणं शोधायचं तर कारखान्यांच्या मागे. शहराच्या पूर्वेला मालगाड्यांच्या यार्डापलीकडे तीन वस्त्या आहेत: ट्रक दुरुस्तीवाल्यांची, लाकूड कापणाऱ्यांची आणि रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची. तिथली निम्मी माणसं दूरदूरच्या मुलखांतून कामाला आलेली, आणि येताना प्रत्येकाने आपापली चूल बरोबर आणलेली. मी नकाशा छापून घेतला, चौकोन पाडले आणि दर शनिवारी एक रांग संपवायची असं ठरवलं. पहिल्या शनिवारी एका वेल्डरला विचारलं, इथे निखाऱ्यावरचं मांस कुठे मिळतं? त्याने तोंडावरची काच वर केली आणि म्हणाला, "ताई, पत्ता-बित्ता काही नाही. धूर बघून जा. पांढरा दिसला तर ड्रमवाली बाई, काळा दिसला तर टायरवाला." मला वारा विरुद्ध होता, त्यामुळे मी टायरवाल्याकडे पोचले. तो भला माणूस होता. त्याने स्टूल दिलं.

आता माझी चूक. मी ती लपवत नाही.

टायरवाल्याच्या पलीकडच्या गल्लीत पहिली जाळी सापडली. मिशीवाला मालक बरगड्या उलटत होता, वास उत्तम होता, आणि मी पिशवीतून टोकदार दांडीचा तापमापक काढून सर्वांत जाड बरगडीत खुपसला. (आत शिजलंय की नाही ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळतं, मामा? तुम्ही म्हणाल, खाऊन. ते मला तेव्हा सुचलं नाही.) चौऱ्याहत्तर अंश. मी वहीत लिहिलं. मान वर केली तेव्हा मिशीवाल्याच्या हातात रबरी मोजे होते. ते कुठून आले ते मी पाहिलं नाही. समोरच्या सूपवाल्याने सूपावर झाकण ठेवलं आणि झाकणावर स्वतः हात ठेवला. कुणीतरी प्लॅस्टिक न काढलेलं अग्निशामक नळकांडं आणून माझ्यासमोर उभं केलं. चार मिनिटांत गल्लीतली सगळी शटर खाली. मिशीवाल्याने घाम पुसत मला बरगडी दिली, पण ती जाळीवरची नव्हे. आतून, उकळलेली, बिनमिठाची, कागदात गुंडाळलेली. म्हणाला, "मॅडम, सॅम्पल."

पुढचे पाच शनिवार मी जिथे गेले तिथे माझ्याआधी माझी कीर्ती पोचलेली होती. तिन्ही वस्त्यांत मी "थर्मामीटरवाली" झाले. मी तापमापक घरी ठेवून गेले तर आणखी घबराट: "आज गुपचूप आलीय." मिशीवाला धरून अकरा ठिकाणी मी बसले आणि अकराही ठिकाणी मला तपासणीचं अन्न मिळालं. पांढरी बशी, काठ पुसलेला, चव शून्य. लाकूडवाल्यांच्या वस्तीत एक म्हातारी मासा पानात गुंडाळून राखेत पुरून भाजते. लांबून वास आला तेव्हा माझे पाय आपोआप त्या बाजूला वळले. माझ्यासाठी तिने तो मासा बाहेर काढला, राख लागलीय म्हणून नळाखाली धरला आणि घासणीने घासून दिला. मी सगळा खाल्ला, मामा. तिच्या तोंडाकडे बघून दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. रंगाच्या कारखान्याजवळ मांस भरलेले वाफवलेले गोळे विकणारा एकजण आहे, त्याला मी सरळ सांगितलं: मी तपासनीस नाही, मी तपासनिसांचे तापमापक बरोबर आहेत की नाही तेवढं बघते. त्याने हातातला गोळा परत भांड्यात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे ते लोक तुम्हाला घाबरतात?" आणि त्याने गाडीच बंद केली.

बाराव्या ठिकाणी ड्रमवाली बाई. ट्रकच्या यार्डाच्या भिंतीला टेकून तेलाचा एक आडवा ड्रम, मधोमध कापलेला, त्यावर जाळी, त्यावर बरगड्या, आणि पुढे जवळजवळ चाळीस माणसांची रांग. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, हातातला चिमटा खाली न ठेवता म्हणाली, "आज बंद आहे." माझ्या मागे वीस माणसं ताटं घेऊन उभी होती. ड्रम धुमसत होता. मी म्हटलं, दिसतंय तर चालू. ती म्हणाली, "दिसतंय ना? मग बघा. दिसायला बंदी नाही." आणि मागच्याला वाढलं. अकरा ठिकाणी लोक मला घाबरले, इथे एकीने मला हाकललं. जी बाई आपल्या जाळीसाठी तपासनिसालाही हाकलते, तिच्या बरगड्या चांगल्याच असणार, हे मी घरी परतताना मनाशी नक्की केलं. प्रश्न एवढाच होता की त्या बाबांच्या पोटात पोचवायच्या कशा.

बाबांना न्यायचं, हा एकच उपाय उरला. त्यांच्याकडे बघून कुणी तपासनीस म्हणणार नाही. पण ते घराबाहेर पडायला तयार नव्हते. चालायला जाऊ, नको. हवा चांगली आहे, खिडकीतून कळतेय. शेवटी मी खरं तेच सांगितलं: एका बाईचा निखारा बरोबर आहे की नाही ते मला ठरवता येत नाहीये. (मला एखादी गोष्ट ठरवता येत नाही, असं मी घरात याआधी कधी म्हटल्याचं आठवत नाही.) बाबांनी माझ्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राची घडी केली आणि बूट शोधायला लागले.

यार्डापाशी पोचल्यावर ते रांगेत उभे राहिले नाहीत. सरळ ड्रमच्या मागे गेले, वाकले आणि खालचं भोक बघितलं.

"बाई, हवा कोंडलीय. हे भोक उघडं पाहिजे."

"काका, रांग तिकडे आहे."

"धूर पांढरा येतोय तो कशामुळे? कोळशाला श्वास नाही."

"धूर माझा, कोळसा माझा. तुमचं काय आहे इथे?"

"चाळीस वर्षं बॉयलर चालवलाय."

"मग मांस खायचंय की वाफ?"

रांग हसली. बाबा हसले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले. आईचं आजारपण सुरू झाल्यापासून मी ते कान लाल झालेले पाहिले नव्हते. एवढ्यात बाईला मी दिसले. "ही तुमच्याबरोबर आहे?" बाबा मागे वळूनही न बघता म्हणाले, "मुलगी आहे माझी. तिला यातलं काही कळत नाही."

मामा, या एका वाक्याने तिन्ही वस्त्यांत माझी अब्रू परत आली. वेल्डर म्हणाला, "अरे, मग आधी सांगायचं की." कुणीतरी मला ताट दिलं. मला वाटलं, आता दोघांचा वादही मिटवून टाकावा, म्हणून मी भोकापाशी पिशवीतला तापमापक धरायला गेले आणि अंगठा ड्रमच्या काठाला चिकटला. दोघेही एकदम माझ्यावर ओरडले, "मध्ये पडू नकोस!" बाईने माझ्या अंगठ्यावर पाणी ओतता ओतता वाद चालूच ठेवला. तो पाऊण तास चालला. त्या पाऊण तासात बाबांनी सहा बरगड्या आणि दोन पाव खाल्ले. मग बरगड्या कडेला जास्त भाजल्यात हे सिद्ध करण्यासाठी आणखी दोन मागवून खाल्ल्या. (तिथे काटा नव्हता, म्हणून मी हाडं मोजली. आठ.) मीही खाल्ल्या. बाहेरून जवळजवळ काळ्या, कडक. दाताखाली आल्यावर आतलं मांस आपोआप हाडापासून सुटतं, आणि धुराची चव जिभेवर मागाहून येते, सावकाश. त्यांच्याविषयी मला याहून काही लिहिता येत नाही आणि मोजता तर मुळीच येत नाही. परतताना राखेतल्या माशाच्या म्हातारीने हाक मारून बोलावलं. या वेळी मासा राखेसकट दिला.

इथे पत्र संपायला हवं होतं. पुढच्या शनिवारी मी विजयी मुद्रेने बाबांना घेऊन गेले. बाईने आठवडाभर विचार केला होता. खालचं भोक उघडलेलं, धूर जवळजवळ नाहीसा, बरगड्या खरोखरच आधीपेक्षा सरस. ती म्हणाली, "काका, तुमचं बरोबर होतं." बाबा म्हणाले, "हं." दोन बरगड्या खाल्ल्या आणि ताट सारलं. भूक नाही.

मी हटले नाही. माझं पहिलं अनुमान चुकलं होतं, तर दुसरं मांडायचं. पुढचे चार आठवडे मी बाबांना उरलेल्या अकराही ठिकाणी फिरवलं आणि नोंद ठेवली. मिशीवाला सगळ्याला "हो काका" म्हणाला: एक बरगडी. सूपवाल्याने "तुम्हाला काय कळतं सूपातलं" असं विचारलं: तीन वाट्या. वाफवलेले गोळे विकणारा नम्र निघाला: दोन गोळे. राखेतल्या माशाच्या म्हातारीला बाबांची भाषा नीट येत नाही, पण तिने त्यांच्या हातातली काठी हिसकावून घेतली आणि ते दोन मासे खाऊन उठले. अपवाद एकही नाही. बाबांना बरगड्या नको आहेत, मामा. बाबांना बरगड्यांवरून वाद घालणारं माणूस हवं आहे. आईबरोबर ते चाळीस वर्षं रोज मिठावरून भांडले आणि रोज पोटभर जेवले. मी हे बघतच मोठी झाले आणि मला ते दिसलं नाही.

मग मी घरी स्वतः प्रयत्न केला. भाताखालचा गॅस मोठा हवा, असं ठामपणे म्हटलं. ते म्हणाले, बारीक. मी तापमापक आणला, त्यांचं बरोबर निघालं, मी तसं सांगितलं. भांडण अकरा सेकंदांत संपलं. बाबा चार चमचे भात खाऊन उठले आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्याशी भांडण्यात मजा नाही गं. तू लगेच मान्य तरी करतेस, नाहीतर पुरावा तरी आणतेस." ड्रमवाली बाई उत्तम भांडते, पण तिच्यापुढे चाळीस माणसं असतात. एका गिऱ्हाइकाशी रोज भांडायला तिला सवड नाही, आणि तसं मागणंही बरोबर नाही.

असो. पत्र लांबलं. तुमच्याकडून काही अपेक्षा नाही, केवळ माहितीसाठी कळवलं. मामींनी गुडघा शेकावा, चाळीस अंशांच्या वर नको. तब्येतीला जपावं.

तुमची भाची

ता. क. वर लिहिलेलं "काही अपेक्षा नाही" हे खरं नाही. तुम्ही या. शक्यतो महिनाभर. दोन वर्षांपूर्वी तुमच्या अंगणात तुम्ही बाबांच्या निखाऱ्यावर भाता मारलात, राख मांसावर बसली, बाबा म्हणाले की लोखंड वितळवणाऱ्याने अन्नाला हात लावू नये, आणि तुम्ही उपाशीच उठून आत गेलात. आई असती तर तिने दोघांना वाढून गप्प केलं असतं. माझ्याकडून ते झालं नाही, मी कोणाचं तंत्र बरोबर याचा विचार करत बसले. आता एकच विनंती: समेट करायला येऊ नका. माफी मागू नका, ऐकूनही घेऊ नका. तुमचंच खरं होतं असं दारातच सांगा, चपला काढायच्या आधी. मी मध्ये पडणार नाही.

ता. क. दुसरा. मी हे सगळं बाबांच्या वजनासाठी लिहिलं असं वाटेल. आठ महिने मी समोरच्या ताटाकडे बघत जेवते आहे. माझं वजन मी केलेलं नाही.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं आहे ते ओळखशीलच). पत्र काट्याखाली ठेवलं होतं, सापडलं. वजनाच्या वेळी मी बूट घातले होते, म्हणजे पोरीचा आकडा चुकलाय, खरा त्याहून कमी आहे. तिला सांगू नकोस. शनिवारी साडेबाराच्या आत ये. बाई कुणासाठी ठेवत नाही, आणि उशीर केलास तर उरलंसुरलं मिळेल असंही समजू नकोस. मी काही उरू देणार नाही.